अरवाला कुठे घालायचं

हॅमट्रॅमिक, ११ एप्रिल

अबू अरवा यांस,
सलाम वि. वि. तुमची मालबोट वरच्या सरोवरात शिरली असेल. तिथे फोन लागत नाही, म्हणून हे पत्र डेट्रॉइटच्या टपालबोटीवर देते आहे.

आपल्या अरवाची पाचवी संपत आली. सहावीला कुठे घालायचं ते या महिन्यातच ठरवायला हवं. तिन्ही शाळा पाहून आले. मशिदीजवळच्या खासगी शाळेतल्या मुख्याध्यापिका गोड बोलल्या, चहा पाजला आणि शेवटी म्हणाल्या, कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी आमच्याकडे कोणी नाही. सरकारी शाळेला दोन बस बदलाव्या लागतात, इमारत कळकट. पण तिथे अशा मुलांचा वेगळा वर्ग आहे आणि कोवाल्स्कीबाई प्रत्येकाचं कानाचं यंत्र स्वतः तपासतात. एकच जागा उरली आहे. तिसरी ती नवी चार्टर शाळा. फी नाही, पण कारभार खासगी मंडळाचा. तुमच्या भावाच्या मुली तिथेच जातात. सालेहभाई म्हणाले, सरकारीत पोरगी हाताबाहेर जाईल. मी म्हटलं, आधी तिला ऐकू तर येऊ दे. ते रागावून उठले.

माझा कल सरकारीकडे आहे. तुमचं काय ते कळवा.
माया आहेच, ती राखावी.
तुमची नबीला


डुलुथ बंदर, २ मे

उम्म अरवा हिस,
सलाम व दुआ. पत्र पोचलं. कोवाल्स्कीबाई चांगल्या असतील, पण वेगळा वर्ग म्हणजे कपाळावर शिक्का. उद्या लग्न ठरवताना लोक तेच उगाळतील. चार्टरच्या मुख्याध्यापकांनी सालेहला शब्द दिला आहे, सप्टेंबरपर्यंत तशी शिक्षिका नेमतोच म्हणून. शाळा घराच्या कोपऱ्यावर, बहिणी सोबतीला. तिथेच घाल.

रागावू नकोस. तू रागावलीस की सालत्याचा रस्सा खारट होतो. इथला स्वयंपाकी तर न रागावताच तसा करतो.
आठवण ठेव, मी ठेवतोच.
मुसईद


हॅमट्रॅमिक, २८ सप्टेंबर

अबू अरवा यांस,
सलाम वि. वि. तुम्ही म्हणालात तिथे घातलं. शिक्षिका अजून आलेली नाही. अरवाला मागच्या बाकावर बसवलंय. तुमच्या पुतण्या मधल्या सुट्टीत तिला ओळखही दाखवत नाहीत. त्यांच्या मैत्रिणी हसतात म्हणे. मुख्याध्यापकांना गाठलं तर म्हणाले, मंडळ बघतंय. कोवाल्स्कीबाईंना फोन केला. ती जागा दुसऱ्या मुलीला गेली. तिचं भलं होवो.

काय करू ते सांगा. राग नाही, पण सांगा.
नबीला


टोलेडो बंदर, १९ ऑक्टोबर

उम्म अरवा हिस,
सलाम व दुआ. सालेह म्हणतो, शिक्षकच मिळत नाहीत, थोडा दम धरा. मी आल्यावर स्वतः जाऊन बोलेन. अरवाला फोनवर बोलाव म्हटलं की तू काहीतरी सांगून टाळतेस. बापावर रुसली आहे का ती? तिला म्हणावं, बंदरात तिच्यासाठी लाल लोकरी टोपी घेतली आहे.
तुम्हा दोघींचा
मुसईद


हॅमट्रॅमिक, ९ डिसेंबर

अबू अरवा यांस,
सलाम वि. वि. चार्टर शाळा बंद पडली. नोव्हेंबरच्या सुट्टीनंतर मुलं गेली तर दाराला कुलूप आणि काचेवर मंडळाचा कागद. सालेहभाईंनी त्याच आठवड्यात आपल्या मुली खासगीत घातल्या. आम्ही दोन बस बदलून सरकारीत गेलो. वेगळा वर्ग भरलेला आहे, म्हणून अरवा साध्या वर्गात बसते. कोवाल्स्कीबाई दारात भेटल्या. त्यांचे डोळे भरले, पण खुर्ची त्या तरी कुठून आणणार?

ती रुसलेली नाही. फोनवर तिला आता काही कळत नाही. यंत्रही काढून ठेवलंय. मी ओरडले, तेव्हा शांतपणे म्हणाली, युम्मा, त्यातून नुसता गोंगाट येतो, माणसं येत नाहीत. त्यानंतर घरातही ती फारसं बोलत नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसते.

सरोवर गोठून बोटी थांबल्या की तुम्ही याल. दारातून तिला हाक मारू नका. ती वळणार नाही आणि तुम्हाला ते सोसणार नाही. समोर जाऊन उभे राहा. सावकाश बोला. आणि येण्याआधी मिशा बारीक करून घ्या, तिला तुमचे ओठ दिसले पाहिजेत.

वाट पाहते.
नबीला