डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आजपासून रोज लिहायचं. बिअर फक्त रविवारी. निश्चय केल्याच्या आनंदात आज एक घेतली.
माजी सैनिकांच्या दवाखान्यात मनाच्या आजारांची नवी डॉक्टरीण आलीय, लिंडक्विस्टबाई. लढाई टीव्हीवर पाहिली असेल. झोप कशी लागते म्हणाली. म्हटलं, झकास. ट्रकमध्ये झोपतो ते सांगितलं नाही. त्याचा झोपेशी संबंध नाही, मार्वा घोरते. मार्वा म्हणते, घोरत नाही. बायकोचं काय ऐकायचं!

७ ऑक्टोबर
डेल्मर, म्हणजे आमचा डेल, आला. इराकमध्ये माझ्या तुकडीत होता, अजून सार्जंट म्हणतो. पुढच्या मंगळवारी तोही लिंडक्विस्टबाईंकडे जाणार. म्हणाला, सार्जंट, सगळं खरं सांगून टाकावं म्हणतोय, सकाळी उठावंसंच वाटत नाही. म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? खरं बोललास की बंदूक काढून घेतील. पंचवीस तारखेला हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतोय! टोपी घालून निघून गेला. म्हणजे पटलं.

९ ऑक्टोबर
गराजमध्ये तालीम. मार्वाचा चष्मा लावून मी डॉक्टरीण झालो. बाकी प्रश्न डेलने फटाफट उडवले. 'जगू नये असं वाटतं का?' म्हटल्यावर मात्र खाली बघत बसला. केवढा वेळ! मी ओरडलो, अशाने पकडला जाशील, लगेच 'छे हो' म्हणायचं आणि हसायचं. शेवटी जमलं. हसणं अजून जरा कच्चं आहे.
मार्वा दारातून ऐकत होती. लाज वाटत नाही का म्हणाली. मग चष्मा काढून घेतला.

१४ ऑक्टोबर
डेल पास! बाईंना काही म्हणजे काही कळलं नाही. माझा शिष्य आहे शेवटी. तो म्हणाला, सार्जंट, ती इतकं नीट विचारत होती की सांगूनच टाकणार होतो, पण तुम्ही शिकवलेलंच तोंडातून बाहेर पडलं. शाब्बास म्हटलं. बिअर घेतली. रविवार नाही, पण विजय आहे.

१८ ऑक्टोबर
डेलने आपला मासेमारीचा सगळा सरंजाम मला देऊन टाकला. बिस्किट नावाची कुत्रीसुद्धा. तुमच्याकडे रमेल म्हणाला. शिकवणीची फीच म्हणायची. काय शांत दिसत होता! इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. माझ्या पद्धतीचा गुण.
मार्वा म्हणते, लक्षण ठीक नाही, त्या बाईंना फोन कर. आपल्या माणसाची चुगली करू? हट्!

२१ ऑक्टोबर
डेल फोन उचलत नाही. सीझनची तयारी करत असणार. बिस्किट काही खात नाही, दाराशी बसून असते. आज माझी दवाखान्याची वेळ होती. टायर पंक्चर म्हणून कळवलं. टायर ठीक आहे.

२५ ऑक्टोबर
सीझनचा पहिला दिवस. डेल ठरल्या जागी आलाच नाही. उशीर झाला असेल म्हणून थांबलो.
तेवढ्यात लिंडक्विस्टबाईंचा फोन. मार्वाने मला न विचारता त्यांना कळवलं होतं. डेलचं काही माहीत आहे का म्हणाल्या. माझ्या तोंडून निघालं, छे हो, मजेत आहे. हसलोसुद्धा. माझं ते हसणं मलाच ऐकू आलं. मग सगळं ओकलो. गराज, चष्मा, कुत्री, सगळं. लहान पोरासारखा रडलो. त्या रागावल्या नाहीत, फक्त तो कुठे असेल ते विचारलं. धरणावर, म्हटलं. आम्ही मासे धरतो तिथे.
शेरीफचे पोलीस माझ्याआधी पोचले. जिवंत आहे. देवा, जिवंत आहे.

२८ ऑक्टोबर
डेलला बघायला दवाखान्याच्या वॉर्डात गेलो. काय बोलायचं ते ट्रकमध्ये घोकून ठेवलं होतं. नर्स आत जाऊन आली आणि म्हणाली, त्यांना तुम्हाला भेटायचं नाहीये. लिंडक्विस्टबाई आत आहेत, ते त्यांच्याशी बोलतायत. मी म्हटलं, मी त्याचा सार्जंट आहे. ती म्हणाली, हो, तेही सांगितलं त्यांनी.
खाली काउंटरवरच्या बाईने विचारलं, तुमची स्वतःची अपॉइंटमेंट आहे का? हो म्हणालो. नव्हती. तिने कॉम्प्युटरवर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, बसा.
बसलो.