क्षार दोन, आम्ल एक

ती. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे देवाच्या कृपेने सगळ्यांच्या प्रकृती उत्तम. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही.

कारण, यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या नव्या बाई. (चष्म्याच्या काड्या सोनेरी. मी विचारलं नव्हतं, यांनीच सांगितलं.) महिनाभर जेवताना एकच पाठ, बाईंचं बफर! बफर म्हणजे आम्ल आणि त्याचाच क्षार मिसळून केलेलं असं द्रावण, की त्यात थोडं आम्ल पडो की अल्कली, त्याचा आंबटपणा जागचा हलत नाही. "काय स्थिर असतं गं!" म्हणाले. म्हटलं, "बावीस वर्षं मी या घरात तेच करतेय." तर म्हणाले, "भाजी वाढ."

सोमवारी सकाळी कपडे भिजवताना यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी निघाली. अक्षर बाईंचं, मोत्यासारखं. तिथेच बसून उघडली. पण आत प्रेमबिम नव्हतं, गणित होतं. (ते जास्तच लागलं. मला यांनी कधी गणितसुद्धा लिहून दिलं नाही.) हवा असलेला पीएच ५.०६, आम्लाचा स्वतःचा आकडा ४.७६, आणि दोहोंतला फरक म्हणजे क्षार भागिले आम्ल, याचा लॉग. फरक ०.३०. लॉगचं पुस्तक काढून उलटं पाहिलं, उत्तर दोन. म्हणजे क्षार दोन भाग, आम्ल एक. आणि बाईंनी खाली लिहिलेलं, आम्ल दोन, क्षार एक! अगं, पीएच चढवायचा म्हणजे आंबटपणा उतरवायचा. मग आम्ल दुप्पट कोण घालतं?

ओल्या हातांनीच देवापुढे उभी राहिले. गप्प बसले तर बाईंची फजिती नक्की. पण द्रावण करणार हे, तेही मोठ्या साहेबांसमोर, आणि यांची बढती त्यावरच अडलेली. शेवटी देवाने बुद्धी दिली (जरा रेंगाळूनच दिली). हे चिठ्ठी शोधत परत आले, तेव्हा चूक दाखवली. आकडे उलटे करून चिठ्ठी घेऊन गेले. संध्याकाळी येऊन सांगितलं, पीएच बरोबर ५.०६ भरला, साहेब खूश, आणि चूक कोणी काढली तेही बाईंना सांगून टाकलं.

तुझी धाकटी

ता. क. काल बाई घरी येऊन गेल्या. स्वभावाने फार गोड. माझ्याकडून पाच गणितं तपासून नेली. आता हेच तोंड फुगवून बसलेत, "दिवसभर बाई तुझंच नाव घेतात." मी भाजी वाढते.

आणखी एक. लॉगचं पुस्तक म्हणजे तुझ्या मॅट्रिकच्या आदल्या आठवड्यात हरवलेलं तेच. तू गणितात पहिली येशील, हे मला बघवलं नसतं. पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. पहिल्या पानावर तुझं नाव आहे, बाईंनी ते पुढच्या वेळी मागितलंय आणि त्या पुस्तक पहिल्या पानापासून उघडतात. तेव्हा 'धाकटीस प्रेमाने भेट' असं एका कागदावर लिहून पाठव, मी चिकटवीन. तारीख तेवढी तेव्हाची घाल.