भुताची बोली

अमरावती,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. भगवंतदादास,
रुख्माचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल. अकोला-अमरावती दोन तासांचा रस्ता, हातात मोबाइल, आणि ही बाई पत्र लिहीत बसली. दादा, फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस. "तुले काय समजते त्यातलं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही. चुरगळून फेकलंस तरी कोपऱ्यात पडलेलं दिसत राहतं.

इकडे सर्व ठीक. थंडी पडायला लागली. तुझा गुडघा कसा आहे? बियाण्याची गर्दी असेल दुकानात, पण काउंटरमागे एक स्टूल ठेव आणि बसत जा. अपेक्षा बरी आहे, दोन घास नीट जेवते. तुझ्या लेकीबद्दल लिहायचंच आहे, पण आधी माझं थोडं ऐक.

सध्या मी सिनेमे पाहण्याचा सपाटा लावला आहे. भुताचे आणि खुनाचे, दुसरे नाहीत. माझा श्याम नागपूरहून आला तेव्हा टीव्हीला काय ते जोडून देऊन गेला, आता घरबसल्या पाहिजे तो सिनेमा लागतो. शेजारच्या माणिकबाई दुपारचं जेवण आटोपून अडकित्ता घेऊन येतात, मी पडदे ओढते, आणि अपेक्षा आम्हा दोघींच्या मधे बसते. दुपारीच पाहतो, कारण रात्री पाहिलं की माणिकबाईंना मोरीत जायची भीती वाटते.

एक डोंगरातल्या बंगल्याचा पाहिला. नवराबायको मातीमोल भावात बंगला घेतात. रखवालदार सांगतो, ती वरची खोली उघडू नका, आणि नवरा सामान उतरवायच्या आधी तीच उघडतो. माणिकबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "बंगला इतका सस्ता काहून देऊन राह्यला, हे कोनी इचारलं काय? आपन असतो तं आधी सातबारा पाह्यला असता." खरं आहे. अर्धे भुताचे सिनेमे तलाठ्याकडे एक चक्कर मारली तर सुरूच होणार नाहीत.

खुनाचे मला जास्त आवडतात. दक्षिणेकडचे हिंदीत केलेले तर फारच. पण खुनी मला मध्यंतराच्या आधीच कळतो. एसटीच्या चौकशी खिडकीवर नोकरी काढली मी. ज्याला परतवाड्याला पळून जायचं असतं तो खिडकीत येऊन यवतमाळच्या गाडीची चौकशी करतो. सिनेमातही जो फार मदत करतो, पोलिसांना चहा पाजतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा.

एका सिनेमात खून नव्हताच. एका बाईला तिच्या घरचे हळूहळू पटवतात की तुझं डोकं ठिकाणावर नाही. वस्तू हलवतात, आणि तूच हलवल्यास म्हणतात. माणिकबाईंना कंटाळा आला. मला आवडला. अपेक्षा मधेच उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

पण ज्यावरून आमचा वाद झाला तो अंगात येण्याचा सिनेमा होता. असे आता चार-पाच झाले आणि सगळ्यांचा साचा एकच. शिकलेली, शहरातली सून. एके दिवशी तिला झपाटतं. दादा, झपाटल्यावर तिचं पहिल्यांदा काय बदलतं सांग? डोळे नंतर फिरतात, केस नंतर सुटतात. आधी बोली बदलते. एकदम खेड्यातलं बोलायला लागते, आणि तिथे ते ढोल वाजवतात म्हणजे आपण घाबरायचं. बोलते काय, तर "मला मारलं", "मला गाडलं", "माझं पोर कुठे आहे". म्हणजे तक्रार सांगते बिचारी. पण ऐकतं कोण? सगळे बाबाला आणायला पळतात.

मी म्हटलं, माणिकबाई, शुद्ध बोलणारं भूत पाह्यलं काय तुमी कदी? भुतं काय सारी खेड्यातलीच होतात? पुण्यात कोनी मरतच नाई काय?

यावर अपेक्षा हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. पोट धरून हसली आणि हसता हसता रडायला लागली. माणिकबाई शहाण्या, अडकित्ता पदरात बांधून घरी गेल्या. मग पोरीनं सगळं सांगितलं.

तुला तुझ्या विहीणबाईंनी काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण फोन स्पीकरवर होता आणि अपेक्षा तिथेच उभी होती. त्या म्हणाल्या, सून केस मोकळे सोडून स्वयंपाकघरात उभी होती, डोळे लाल, आवाज घोगरा, आणि एकाएकी भलत्याच भाषेत बोलायला लागली. वर्षभर इतकं छान, स्वच्छ मराठी बोलणारी मुलगी, हा नक्की बाहेरचा प्रकार आहे. केस मोकळे होते कारण ती न्हाऊन आली होती. ते जाऊ दे. तू विचारलंस, कोणती भाषा? त्या म्हणाल्या, काहीतरी 'काहून', 'मले', 'राह्यला' असं.

दादा, तू ते शब्द ओळखले नाहीस? आपली आई त्याच शब्दांत आपल्याला जेवायला बोलवायची. तू स्वतः दुकानात दिवसभर तेच बोलतोस. एवढंच म्हणायचं होतं की, अहो विहीणबाई, ती आमची वऱ्हाडी आहे, पोरगी रागावली आहे. तेवढ्यात संपलं असतं. तू म्हणालास, "आमच्याकडे एक जाणते बाबा आहेत, त्यांना दाखवून घेऊ."

का म्हणालास तेही मला माहीत आहे. हे स्थळ आलं तेव्हा तू घरात फर्मान काढलं होतंस, मले-तुले बंद. पाहुणे पुण्याचे, आमच्या घरी सगळे शुद्धच बोलतात असं तू त्यांना सांगून बसला होतास. अपेक्षानं जमवलं, ती हुशार. तुझी गाडी "मला असं वाटून राह्यलं" वर यायची, पण व्याह्यांनी सोडून दिलं. वहिनीला मात्र जमेना, म्हणून ती बोललीच नाही. साखरपुड्याला नाही, लग्नात नाही, लेक गाडीत बसली तेव्हाही नाही. नुसती डोळ्यांना पदर लावून उभी होती. तुझी विहीण मला मांडवात म्हणाली, "मुलीची आई किती शांत आहेत हो." मला हसू आलं होतं तेव्हा. आता येत नाही.

आता ऐक, त्या दिवशी काय झालं. विहीणबाईंच्या मैत्रिणी चहाला आल्या होत्या. वहिनी लेकीला फोन करते ना, "जेवली काय वं बाई" म्हणून, ते त्यांनी कधीतरी ऐकलेलं. त्याची नक्कल करून दाखवली. हात ओवाळून, हेल काढून, "जेवली काय वं बाई". बाया हसून लोळल्या. जावईसुद्धा हसला. अपेक्षानं त्याला आत बोलावलं आणि नीट, शुद्ध मराठीत सांगितलं की आईंना सांगा, माझ्या आईची नक्कल करू नका. तो म्हणाला, गंमत कळत नाही का तुला. तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यानं तिच्या कानाखाली मारली.

हे तुला कोणी सांगितलं? भाषा सांगितली, केस सांगितले, डोळे सांगितले. हात सांगितला नाही.

आणि त्यावर तिच्या तोंडून जे निघालं ते मी तिला दोनदा म्हणायला लावलं, जसंच्या तसं लिहिते. "अंगाले हात लावशीन तं हात मोडून ठेवीन. समजून काय राह्यला तू मले?"

यात बाहेरचं काय आहे? मला तर हे सगळं आतलंच वाटतं. माणसाला लागलं की तो पाठ केलेलं बोलत नाही, आईनं शिकवलेलं बोलतो.

त्यांनी पोरीला तुझ्याकडे पाठवलं, बाधा उतरवून आणा म्हणून. तिकीट त्यांनीच काढलं, अकोल्यापर्यंतचं. अकोला आलं तेव्हा ती उठली नाही. तू फलाटावर उभा होतास, ते तिनं खिडकीतून पाहिलं. तू डब्याडब्यात डोकावत होतास, हातात कसली तरी पिशवी होती. त्यात लिंबं असतील असं तिला वाटलं. खरं-खोटं तुला माहीत. वहिनीनं दिलेला डबाही असेल. पण जन्मदात्या बापाच्या पिशवीत काय आहे याची भीती वाटली तुझ्या लेकीला, दादा. ती ओढणीत तोंड लपवून बसली आणि थेट माझ्या दारात आली. तिकीट तपासनिसानं दंड मागितला, तो दिला म्हणाली.

आता अमावास्येच्या आदल्या दिवशी तू जीप घेऊन येणार असं कळलं. त्यावर माझं म्हणणं सरळ आहे. पोरगी इथून हलणार नाही. तिला मिरच्यांची धुरी द्यायची नाही, केस धरून कोणी विचारायचं नाही की "कोण आहेस तू". ती कोण आहे ते मला माहीत आहे आणि तुलाही. तुझ्या त्या बाबानं तिच्या अंगाला हात लावला तर मी ठाण्यात जाऊन बसेन. या धंद्याविरुद्ध आता कायदा आहे, आणि तक्रारीत भावाचं नाव मी माझ्या हातानं लिहीन. समाज काय म्हणेल हे मला लिहून पाठवू नकोस. समाजाला मी खिडकीतून नोकरीभर पाहिलं आहे, त्याला स्वतःची गाडी कोणत्या फलाटावर लागते तेसुद्धा माहीत नसतं.

मला म्हणशील, मोठ्या भावाला उलटून बोलते. तर आपल्या आबांना बोल. त्यांनी कौंडण्यपूरच्या यात्रेतून येऊन माझं नाव ठेवलं. त्या गावच्या ज्या लेकीवरून ठेवलं तिनंही भावानं ठरवलेलं स्थळ मानलं नव्हतं, आणि आपण तिला हात जोडतो.

काल तुझ्या विहीणबाईंचा फोन आला होता, अपेक्षाच्या मोबाइलवर. मी उचलला. त्यांनी फार गोड आवाजात विचारलं, "कशी आहे आता? उतरलं का?" मी म्हटलं, "नाई उतरलं बाप्पा. वाढून राह्यलं. आता मले बी लागलं. तुमच्या पोराले सांगजा, आमच्या पोट्टीले हात लावला त्याचा जबाब द्याले अमरावतीले ये. येतानी बाबाले घिऊन ये का वकिलाले, आमाले दोनी चालतात." तिकडून फोन बंद झाला. अपेक्षा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आत्या, तुमी खरंच भेव वाटन असं बोलल्या." पोरगी आल्यापासून माझ्याशीसुद्धा शुद्धच बोलत होती. आपणहून वऱ्हाडीत आलेलं हे पहिलं वाक्य.

तिला पुढे काय करायचं ते ती ठरवेल. परत जायचं म्हणाली तर मी गाडीत बसवून देईन, नाही म्हणाली तर ही खोली तिची. तो माझा अधिकार नाही आणि तुझाही नाही. मला तुझ्याकडून एकच हवं आहे. जावयाला फोन लाव. शुद्ध बोलू नकोस. दुकानात खोटं बियाणं दाखवणाऱ्या दलालाशी जसा बोलतोस तसा बोल, म्हणजे त्याला आपोआप कळेल की त्याच्या बायकोला काय झालं होतं. ती तिच्या बापाची लेक आहे, एवढंच झालं होतं.

आणखी एक सांगायचं आहे, ते मुद्दाम शेवटी ठेवलं.

वहिनी भावाच्या घरी कार्यक्रम आहे म्हणून अंजनगावला जाते असं तुला सांगून निघाली. तिथे कार्यक्रम नाही. ती अंजनगावला गेलीच नाही. ती माझ्याकडे आहे, आत्ता माझ्यासमोर खाटेवर बसून लेकीच्या केसांना तेल लावते आहे. आणि दादा, ती बोलते आहे. आल्यापासून तिचं तोंड बंद नाही. तुझ्याबद्दल बोलते, लग्नाबद्दल, मांडवात घशात अडकलेलं एकेक बोलते. लेकीला पाठवताना काय म्हणायचं होतं ते काल तिनं म्हटलं, आणि दोघी मायलेकी रडल्या. मी टीव्ही बंद केला.

पत्रात तुमचं काही लिहू का, म्हणून तिला विचारलं. तेल लावता लावता, वर न पाहता ती म्हणाली, "लिहा. त्याइले म्हना, मायलेकीले घिऊन जाचं असन तं या. पन तोंडानं बोलत या, आपल्या बोलीत. मुक्या मानसाच्या घरी आता मी येत नाई."

मी एक अक्षर बदललं नाही.

जीप आणशील तेव्हा दार मीच उघडेन.

तुही लहानी बहीन,
रुख्मा