भिंतीच्या वाटणीचं पाणी

आप्पा, बीडच्या बाजारातल्या त्या भिंतीवर तुम्ही काढलेली अक्षरं अजून आहेत. भांडार कधीच बुडालं, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. पण 'सहकारी ग्राहक भांडार' ही ओळ निम्मीअर्धी का होईना, टिकून आहे. काल तिथून जाताना पाहिलं, तर शहरातल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढणारी एक मुलगी दुकानदाराला सांगत होती, "ही नाही राखली तरी चालेल. पेंटरनं भिंत धुतलीच नाही, धुळीवरच रंग मारलाय. कच्चं काम." दुकानदार खूश. "मंग काय, उद्याच चुना मारतो अन् फ्लेक्स लावतो!"

माझं डोकं फिरलं. आधी भिंत खरवडायची, धुवायची, वाळवायची, मगच दोरीनं रेघ आखायची. गिऱ्हाईक कितीही ओरडो, तुमचा नेम कधी मोडला नाही. त्या एकाच भिंतीला मोडला. दुष्काळाचं साल. टँकर येईल तेव्हा खरा. भांडाराच्या चेअरमननी भिंत धुवायला दिलेल्या दोन घागरी घेऊन तुम्ही सरळ घरी येता. मळक्या गणवेशावरून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला वर्गाबाहेर उभं केलेलं, आणि शाळेत पुन्हा जाणार नाही म्हणून मी हटून बसलेली. आई ओरडते, "अवो, भिंतीचं पाणी हाय ते!" तुम्ही बादलीत माझा गणवेश बुडवता. "भिंतीला कुटं शाळंत जायचंय?"

हे सगळं मी काल भर बाजारात खणखणीत आवाजात सांगितलं. "काम कच्चं राहिलं ते माझ्यामुळे. लिहून घे." मुलगी वही काढून खरंच लिहू लागली. दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मावशी, फ्लेक्स वरच्या अंगाला लावतो. तुमी आदी खाली बसा, लई लाल झालात."

तर पाटी राहिली. तुम्ही गेलात तिकडं हा कागद टाकायला पेटी नाही, तरी एवढं कळवून थांबणार होते. पण तेव्हा, गणवेश धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या धुतलेल्या कॉलरवर तुमच्या बोटाचा रंग दिसला, तेव्हा मी तुम्हाला म्हणाले होते, "हात धुता येत नाहीत का?" तुम्ही नुसते हात मागं घेतलेत. काल एवढी तावातावानं बोलले, हे तेवढं कुणाला सांगितलं नाही.