बांध तिथेच होता

गुरुवार, संध्याकाळ. कराड.

आज लिहायला बसले, कारण सरकारी मोजणीत चोर मीच निघाले.

धाकटी जाऊ शालन आमचा बांध कोरते, हे बारा वर्षं मनात धरून होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो बांध दिसतो. रोज सकाळी तिकडे बघायचं आणि दिवस नासवायचा. शेवटी मोजणी मीच मागवली. आज खुणा रोवल्या, तर शालनच्या रानातल्या उसाच्या दोन सऱ्या माझ्याकडे. पुन्हा मोजायला लावलं. तेच.

"तुला ठाऊक होतं?" मी शालनला विचारलं.

"व्हय. ह्यांनी कवाच पावलं टाकून मोजलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आवं आक्का, तुमच्यासंगं भांडायचं तर दोन सऱ्या लय कमी पडत्यात."

मोजणीवाला खाली बघून हसला. हसू दे.

बांध तिच्याही खिडकीतून दिसतो. रान गेलं तिचं आणि झोप उडाली माझी. म्हणजे बांधाने मला कधी छळलंच नाही, मी त्याच्याकडे जशी बघत होते तसा तो दिसत होता. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेल्या बाईला हे कळायला मोजणी लागावी? असो. चूक कळली की निस्तरायची, कुढत बसायचं नाही. घरी येऊन खिडकीशी उभी राहिले. नुसता बांध, त्यावर गवत. किती वर्षांनी गवत दिसलं.

शालन "ऱ्हाऊ द्या" म्हणत होती. मी ऐकलं नाही. दोन सऱ्या, उभ्या उसासकट, दिवस मावळायच्या आत तिच्या ताब्यात दिल्या.