काचेला बोट कळेना

८ मे २००७, हुपरी

तर आण्णाचं ते जुनंच. कुठं टिकत न्हाईस, बेकरी सोडलीस, टायरचं दुकान सोडलंस, आता चांदीवाल्यांच्यातनंबी पळून येशील. थोरला भाऊ म्हणून गप ऐकलं, पण जतहून एष्टीत बसलो ते ठरवूनच, ह्या खेपेला टिकायचं. आणि बघ आण्णा, पयल्याच दिवशी हातात कम्प्युटर! असला तू जन्मात बघितला न्हाईस.

पिराजी शेठचा पैंजणांचा कारखाना घरातच हाय. खाली सहा कारागीर, माडीवर मी एकटा. कम्प्युटर शेठच्या पोराचा, अतुलचा, परदेशातनं जुना आलेला. अतुल पुण्याला गेला, हे हितंच राहिलं. दिसायला लॅपटॉप, पण पडदा गर्रकन फिरवून उताणा पाडला की झाली पाटी. तिच्यावर पेननं लिवायचं, न्हाईतर नुस्त्या बोटानं. सातवीत शाळा सोडलेल्याला पुन्हा पाटी मिळाली! टायरच्या दुकानाचा बोर्ड मी रंगवलेला, तो बघूनच शेठनं बोलावलं. काम एकच, पैंजणाची नक्षी काढायची.

१२ मे

चांदीचा हिशोब, गाणी, पत्त्यांचा डाव, ही रोजनिशी, सगळं ह्या पाटीवरच. बॅटरी दीड तास टिकती. पडदा डुलतोय म्हणून मागं उशी लावतो. खालनं तापतंय, मांडीवर घेऊन बसलं तर भाजतंय. पण करमतंय.

नक्षी मात्र जमंना. शेठनं बघून विचारलं, हे सुनंच्या पायात घालायचं का बैलाच्या? खालची सगळी खिदळली. माझ्याआधी हितं कोडोलीचा प्रसेनजीत बसायचा, त्याचा हात लई साफ होता म्हणतात. एक दिवस जेवायला म्हणून उठला तो आलाच न्हाई. पगारबी न्हेला न्हाई. कारागीर म्हणतात, गेला असंल पोरीच्या नादानं.

१७ मे

दुपारी लोडशेडिंग. सगळी खाली कट्ट्यावर वारा खात बसलेली. मी तोंड धुवायला उठलो, परत येऊन बघतोय तर माझ्या अर्धवट वेलीच्या शेजारी दुसरी वेल. पिंपळाचं पान, त्याचा देठ मागं वळून पुढच्या पानाला अडकलेला. मी काढली न्हाई. माडीवर कोण आलंबी न्हाई.

तेवढ्यात शेठ वर आले. बघून थांबलेच. तू काढलंस व्हय, म्हणाले. मी मान हलवली. नुस्ती मान. शेठनं जिन्यातनं हाक मारली, या रं, जतकराचा हात बघा! नक्षीचे पाचशे वेगळे दिले.

लई बरं वाटलं. पण जेवण गेलं न्हाई.

२४ मे

अजून दोन नक्ष्या. अजून हजार. लाईट गेली की आता मुद्दाम उठून जातोय. खाली नळावर उभा राहतोय आणि परत येऊन बघतोय. लाज वाटती. तरी जातोय.

ह्या धंद्यात एका घरात कड्या होतात, दुसऱ्या घरात घुंगरू लागतात, तिसरीकडं उजळायचं. नाव कुणाचंच नसतंय. मग माझं लागलं तर काय बिघडलं, असं मनाला सांगतोय. मन ऐकंना.

२६ मे

प्रसेनजीतची आई आली, शालनबाई. दर महिन्याला कोडोलीहून विचारायला येतात म्हणे. दारात उभ्या होत्या, बसा कोण म्हणालं न्हाई. तबकातलं नव्या नक्षीचं पैंजण त्यांनी उचललं, देठावरनं अंगठा फिरवला. म्हणाल्या, हे माझ्या पोराचं हाय. विहाराच्या भिंतीवर असंच पान काढायचा, देठ मागं वळवून. पगार नको मला, पोरगं कुठं हाय तेवढं सांगा.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, न्हाई मावशी, माझं हाय ते.

व्हय? मग काढून दाव की बाळा, म्हणाल्या.

पाटी आणली. पेन टेकवलं. हात माझा होता, पण तो कोण धरून फिरवत होतं ते मला कळलं. पान झालं, तसंच्या तसं.

मावशी म्हणाल्या, चुकलं बाबा माझं. माफी मागितली आणि गेल्या. माझी माफी.

२८ मे

काचेला माझं बोट कळेना. कितीबी दाबा. कोल्हापूरला मंगळवार पेठेत दुरुस्तीवाल्याकडं घेऊन गेलतो. त्यानं काडी लावली, चाललं. चमचा लावला, चाललं. त्याचं बोट चाललं, दुकानातल्या गिऱ्हाइकाचं चाललं. माझं न्हाई. तो म्हणाला, पावणं, जित्तं हायसा न्हवं? सगळी हसली. मीबी हसलो.

३० मे

बोटाचा मेळ बसवायची सोय हाय ह्यात. एकेका कोपऱ्यात फुली येती, तिच्यावर बोट ठेवायचं. ठेवलं. फुली हलंना. हात मागं घेतला.

फुली आपोआप गेली. दुसऱ्या कोपऱ्यात आली. तिथनंबी गेली. सावकाश. कुणीतरी आतनं स्वतःचं बोट —

१ जून

पेनबी निम्मं उमटतंय. शेठ वर आले, माडीभर बघितलं. कुठं उलथलं हे जतकर, म्हणाले. मी समोर बसलेलो. शेठ, म्हणालो. दोनदा म्हणालो. त्यांनी पंखा बंद केला आणि खाली गेले.

२ जून

पोस्टात गेलतो. कोडोलीला मनीऑर्डर करायला. खिडकीतल्या बाईनं माझ्या मागच्याचा फॉर्म घेतला. मग त्याच्या मागच्याचा. मग खिडकी लावली —

३ जून

मावशी. पान तुमच्या पोराचंच. माझं न्हाई. सगळ्यांच्या म्होरं खोटं —

प्रसेनजीत हितंच हाय. काचेखाली. त्याचं नाव लिवलं की रेघ ठळक येती, माझं लिवलं की —

— लिवलं की —

पैशे कम्प्युटरच्या बटनांवर ठेवलेत. ज्याला दिसतील त्यानं कोडोलीला पोच करा. शालनबाईच्या हातात. त्याच्या नक्षीचे हायत, सगळेच्या सगळे — पंधराशे रु