बाबांचे ऑड्स अँड एंड्स

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, कोर्टातली निवृत्त भाषांतरकार, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडा थरथरतो आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला आधी कोणीतरी घरी यावे लागते. दुसऱ्यांची तीनशेच्या वर मृत्युपत्रे मी भाषांतरित केली, स्वतःचे हे पहिलेच. वकीलबाईंनी बजावले आहे, "फाफटपसारा नको, मुद्द्याचं लिहा." मुद्दा शेवटी आहे. तोवर त्यांनी धीर धरावा.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरची ही दोन खोल्यांची जागा माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावी. ती दर महिन्याला आईला न सांगता माझ्याकडे येते. आता ते आईला कळेल, त्याला माझा इलाज नाही. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवायचा असतो.

कलम २. बँकेत जे असेल तेही तिलाच.

कलम ३. टंकलेखन यंत्र आणि सगळे शब्दकोश माझ्या जागी आलेल्या भाषांतरकाराला द्यावेत. यंत्राचा 'ळ' अडकतो, टिचकी मारली की सुटतो. शब्दकोशांवर फार विसंबू नये, आणि का ते पुढे कळेल.

कलम ४. कार्यालयाच्या अधीक्षकांनी माझी काळी छत्री पाच मिनिटांसाठी नेली होती, त्याला सव्वीस वर्षे झाली. ती छत्री मी या मृत्युपत्राने त्यांनाच देते, म्हणजे त्यांची चोरी कायदेशीर होईल.

कलम ५. हे कलम एका इंग्रजी शब्दप्रयोगाबद्दल आहे. ऑड्स अँड एंड्स. ठाण उलगडून कापड विकून झाले की उरतात ते तुकडे, त्यावरून हा प्रयोग आला म्हणतात. अर्थ असा की ज्यांची वेगळी नोंद करायला कोणाला वेळ नाही अशा बारीकसारीक वस्तू. तो नेहमी अनेकवचनीच वापरतात. एक ऑड आणि एक एंड कोणाच्या घरात सापडल्याचे ऐकिवात नाही. आपल्यालाही हसायला जागा नाही. आपण भांडीकुंडी म्हणतो, पण त्यातली कुंडी कोणी घासलेली नाही.

आमचे बाबा आयुष्यभर कारकून. मराठीत लिहिले की लोक भांडतात, अशी त्यांची समजूत होती, म्हणून त्यांनी आपले मृत्युपत्र इंग्रजीत लिहिले. जागा मोठीला, बँकेतले दोघींना निम्मे निम्मे, आणि ऑड्स अँड एंड्स धाकटीला. धाकटीचे इंग्रजी बेताचे, म्हणून मी याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिला मराठी करून दिले. घाईत लिहिले, 'किडुकमिडुक धाकटीला.'

ती रडली, कारण आमची आई आपल्या दागिन्यांना किडुकमिडुक म्हणायची. "माझं किडुकमिडुक आण गं," असे ती लग्नाकार्याला निघताना म्हणे. चार बांगड्या, एक साखळी, कानातली दोन. आई गेल्यावर ते सगळे एका लोखंडी पेटीत होते आणि पेटी माझ्या कपाटात होती.

दुसऱ्या दिवशी मी शब्दकोश उघडला आणि दुरुस्ती केली. किडुकमिडुक खोडून 'सटरफटर' लिहिले. धाकटी म्हणाली, "ताई, काल दागिने होते, आज सटरफटर झालं?"

"मुळात जे आहे तेच लिहावं लागतं," मी म्हणाले.

"बरं. मग माझं सटरफटर दे."

मी बाबांच्या टेबलाचा खण चपलांच्या खोक्यात रिकामा केला. बटणे, मोडकी कात्री, शिंप्याची टेप, चष्म्याची एक काडी, कशाची ते न कळणारी एक चावी. खोके काखेत मारून ती जिना उतरली. त्याला एकोणीस वर्षे झाली.

कलम ६. माझे भाषांतर अचूक होते. कोणत्याही कोर्टात टिकले असते. चूक मुळात होती, आणि मुळातली ती चूकही माझीच होती.

मृत्युपत्र लिहिताना बाबांनी मला विचारले होते, "अगं, किडुकमिडुकला इंग्रजीत काय म्हणतात?" मी कार्यालयातून आणलेल्या कामात मान घालून बसले होते. कशासाठी विचारता, असेही मी विचारले नाही. "ऑड्स अँड एंड्स," मी म्हणाले. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतले.

हे मला नंतर कधीतरी आठवले असे लिहिता आले असते. पण शपथेवर आयुष्य काढले आहे. मला ते त्याच दिवशी आठवले, धाकटी दुसऱ्या मजल्यावर पोचली असेल तेव्हा. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी मारली नाही. कार्यालयात माझ्या कामावर कधी लाल रेघ आली नव्हती, आणि ती पहिली रेघ धाकटीच्या हातून यावी हे मला सोसवेना. दागिन्यांचा मोह नव्हता, असे मी स्वतःला समजावत आले. तेही पूर्ण खरे नसावे.

कलम ७. पेटी मी त्याच आठवड्यात उघडायला गेले. ती उघडली नाही. तिची चावी बाबांच्या खणात होती, म्हणजे चपलांच्या खोक्यात होती, म्हणजे धाकटीकडे होती. कुलूपवाला खालच्या गल्लीतच बसतो. त्याला बोलावण्याचे तोंड मला नव्हते. आईचे किडुकमिडुक मी एकदाही घातले नाही, पाहिलेसुद्धा नाही.

ती पेटी, आतल्या सगळ्यासकट, धाकटीची आहे. मी ती देत नाही, ती तिचीच होती. या मृत्युपत्रापुरता किडुकमिडुक या शब्दाचा अर्थ आईच्या तोंडी होता तोच धरावा. शब्दकोश पाहू नये.

कलम ८. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात, म्हणून धाकटीला सहीसाठी बोलावले नाही. बोलावले असते तर आली असती का, हे मला माहीत नाही. याची एक प्रत आजच भाचीच्या हाती तिच्याकडे पाठवत आहे. ते खोके तिने फेकले नसेल आणि माझ्या हयातीत ती चावी घेऊन जिना चढली, तर कलम ७ रद्द समजावे. मग पेटी मीच तिच्या हातात देईन. दार वाजवायची गरज नाही, नुसते लोटावे.

सही (थरथरलेली असली तरी माझीच)

बाईंनी आमच्या देखत सही केली, आम्ही त्यांच्या देखत केली:
१. तळमजल्यावरचे घड्याळवाले
२. समोरच्या दारातल्या नर्सबाई

ठिकाण: स्वयंपाकघरातले तेच टेबल
दिनांक: चौदा, मंगळवार